शिवरात्रीचं शित

१

पेटीतून कागद आठ निघाले. झाकणावर खुणा मात्र नऊ.

सगळ्यांच्या आधी हे माझ्या ध्यानात आलं, कारण मी कागदांकडं न्हाई, हर्षालीच्या हाताकडं बघत व्हते. हर्षाली माझी चुलत बहीण, एकाच वर्षानं मोठी. बारावी पास. खांद्याला निळी बॅग, बॅगेला अडकवलेला टोपणाचा पेन. वाडीतली म्हातारी माणसं पण तिला मॅडम म्हणायची. मी दहावीला गणितात गेले, बाईंच्या टेबलावर वही आपटून घरी आले ती परत गेलेच न्हाई. मला सगळी 'ए इंदे' म्हणायची.

घाटघरच्या वरल्या अंगाला आमची वाडी, घरं एकतीस. सरकारचा आरोग्याचा नवा कार्यक्रम येणार व्हता आणि त्यासाठी घरोघर माहिती भरायची व्हती. बाळंतपणं किती झाली, पोरं किती जगली, किती गेली, कुठं जन्मली. भरायच्या आधी तो फॉर्म लोकांना दाखवा, काय इचारावं आणि काय इचारू नये ते लोकांनी कागदावर लिहून द्यावं, असं वरनं आलं व्हतं. कागद अंगणवाडीतल्या पेटीत टाकायचे, सोमवारी सभेत मोठ्यानं वाचायचे, आणि तालुक्याच्या मॅडम चारच्या एसटीनं ते घेऊन जाणार. तिथनं पुण्याला.

हर्षालीनं प्रत्येक कागदामागं झाकणावर एक रेघ मारली व्हती. नववी रेघ शनिवारी दिवस मावळताना माझ्यासमोर मारली.

"आठच हायेत," मी उभी राहून म्हणलं. "कोंडाआजीचा कागद कुठाय?"

कोंडाआजी आमच्याकडची सुईण. तीस वर्सं वाडीतली सगळी पोरं तिच्याच हातावर आली. फॉर्ममध्ये 'जन्म कुठं झाला' म्हणून दोनच चौकोन व्हते, घरी आणि दवाखान्यात. आजी म्हणली, "आन वाटंत झालेली कुठं लिव्हायची?" ती आधी हर्षालीकडं गेली. हर्षाली म्हणली, आजी, त्याला रकाना न्हाई. आजी तडक उठली आणि माझ्याकडं आली. माझ्याकडं! मी चुलीपाशी बसून पाऊण तास लिव्हलं. तीस वर्सांत सात पोरं वाटेत झाली, फॉर्मात वाटच न्हाई म्हणून सरकारला ती दिसत न्हाईत, म्हणून पावसाळ्यात आमच्याकडं गाडी उभी राहत न्हाई. खाली दाखला म्हणून एक खरी घडलेली गोष्ट, नावागावासकट. घरी आईला मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. म्हणलं, सांग, हर्षालीला असं जमंल का?

आता तोच नेमका न्हाई.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "चारच्या गाडीनं मला जायलाच लागेल. तोपर्यंत सापडला तर नेते. न्हाई तर आठ नेते."

अकरा वाजले व्हते. कोंडाआजी काठीवर हनुवटी ठेवून माझ्याकडं बघत व्हती, जणू कागद मीच हरवला.

२

मी ते खोकं उचललं आणि उन्हात नेलं.

मीठ-साखरेच्या पुड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं. वर कागद टाकायला फट, आणि सगळ्या कडा कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेल्या. पट्टीवर अर्धा आणि पुठ्ठ्यावर अर्धा असा ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. तीन पट्ट्यांवरचे शिक्के नीट गोल व्हते. मागच्या पट्टीवरचा मात्र बोटभर सरकलेला. आणि त्या पट्टीच्या कडेनं मुंग्यांची रांग.

"भाऊसाहेब, इकडं या."

कुंडलिक भाऊसाहेब आमचे ग्रामसेवक, मूळ खोडदचे. त्यांनी वाकून बघितलं. मी पट्टीचं टोक नखानं उचकटलं. बाकीच्या पट्ट्यांखाली बाटलीतला तपकिरी डिंक व्हता. हिच्याखाली पांढरं, गुठळ्यांचं काहीतरी. वरनं वाळलेलं, मधी अजून मऊ.

"भात हाय हा," भाऊसाहेब म्हणले. "आमच्याकडं चिकटवायला कणकेची खळ करतात. शितं लावायची सवय तुमची, डोंगरातली."

"मऊ हाय म्हणजे कालचा," मी म्हणलं. "शनिवारचा असता तर खडखडीत झाला असता. आजचा पण न्हाई. आज उजाडल्यापासनं हर्षाली हितंच सतरंज्या टाकतीया."

"काल..." भाऊसाहेब बोलता बोलता थांबले.

काल शिवरात्र व्हती. आमच्याकडं शिवरात्रीला तान्ही पोरं सोडली तर अख्खी वाडी उपाशी. आदल्या राती भाताची भांडी घासून पालथी पडतात. दुसऱ्या दिवशी देवाला निवद दाखवून मगच भाताचं आधण चढतं. उपासाला भगर न्हाईतर रताळं.

एकतीस घरांत काल भात शिजला कुठं?

३

आधी सावळेराम. पंचायतीचा शिपाई. अंगणवाडीचं कुलूप त्याच्याकडं.

"किल्ली?" तो हसला. "किल्ली पत्र्याखाली असती. कुत्र्याला पण ठाऊक हाय."

"काल कुठं व्हता?"

"कुकडेश्वराच्या जत्रेला! कुठं असणार? जीपच्या टपावर बसून गेलो, तूच वर चढताना माझ्या हातावर पाय दिलास. हे बघ." त्यानं बोट दाखवलं. खरंच निळं पडलं व्हतं.

"भात खाल्ला का काल?"

"इंदे, तोंड सांभाळ. देवाच्या दिवशी भात? पाच ताटं भगर खाल्ली मी, भिकाला इचार. त्यानं मोजली."

भिकाला इचारलं. त्यानं सात सांगितली.

मग भाऊसाहेब. त्यांच्यावर माझा डोळा सकाळपासनंच व्हता, कारण कोंडाआजीच्या कागदातल्या त्या गोष्टीची नोंद त्यांच्याच रजिस्टरात व्हती आणि ती चुकीची व्हती. कागद वाचला गेला असता तर मॅडमसमोर त्यांची पंचाईत झाली असती.

"मी शनिवारी पाचच्या गाडीनं खोडदला गेलो," ते जरा तापूनच म्हणले. "काल दिवसभर घरी. आज मॅडम जुन्नरला ज्या एसटीत बसल्या त्याच एसटीत मी. त्यांनी मला सीट दिली. इचार."

मॅडमनी मान हलवली. "सीट मी दिली न्हाई, त्यांनी घेतली. पण व्हते."

राहिली हर्षाली.

खरं सांगते, मला सकाळपासनं तीच पाहिजे व्हती. पेटी तिच्या ताब्यात. आजी तिच्यावर रुसून माझ्याकडं आलेली. कागद वाचला गेला असता तर अख्ख्या सभेला कळलं असतं की बारावीवालीला जे सुचलं न्हाई ते नापासवालीनं लिव्हलं. आणि ती जुन्नरला कॉलेजात राहिलेली. तिथं कोण उपास करतंय? ती सतरंजीवर बसून आठ कागद एकसारखे करत व्हती, कडेला कडा लावून, आणि मला ते बघवेना.

"हिनं घेतला," मी सगळ्यांदेखत म्हणलं. "जळते ही माझ्यावर. काल घरी भात खाल्ला, शितं लावली, आणि आज साळसूदपणे रेघा मोजतीया!"

हर्षालीची आई उठून उभी राहिली. हर्षालीनं कागद खाली ठेवले आणि पेनाचं टोपण लावलं. लई हळू लावलं.

"इंदे, काल दर्शनाच्या रांगेत तुझ्यापुढं कोण व्हतं?"

मी सतरंजीचा काठ बघायला लागले.

"दीड तास मी तुझ्यापुढं उभी. येताना जीपमध्ये तुझ्या मांडीवर बॅग माझी. आणि दुपारी माझ्या डब्यातली भगर कुणी खाल्ली?"

लोक हसायला लागले. सगळ्यात मोठ्यानं सावळेराम.

"आणि अजून एक," ती म्हणली. तिनं निळ्या बॅगेतनं डिंकाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. "ही तीन दिवस माझ्याच बॅगेत हाय. मला पट्टी लावायची असती तर मी भात कशाला शोधीन?"

माझ्या कानापासनं मानेपर्यंत आग झाली. खरं व्हतं. शितं त्यानंच लावली ज्याच्याकडं डिंक नव्हता.

मी अंगणवाडीतनं बाहेर पडले. मागनं हर्षाली आली.

"एक सांगू? आजी तुझ्याकडं गेली त्या दिवशी मी जेवले न्हाई," ती म्हणली. "जळले, हे खरं हाय. पण कागद न्हाई घेतला."

ती परत आत गेली. मला वाटलं व्हतं जळायचं काम एकट्या माझंच हाय.

४

दोन वाजले. मी पायरीवर बसून वाळूत काडीनं घरं मांडली. एकतीस. एकेका घरातलं माणूस आठवायचं आणि काल कुकडेश्वराला बघितलं असंल तर पुसायचं. देवळामागनं, रांगेतनं, जीपच्या टपावरनं, सगळी पुसत गेले. आंधळ्या जानकूला पण पोरांनी पाठीवर आणलं व्हतं. सोनीबाईचं गुडघं धरलेलं, तरी आलेली. प्रत्येक घराला काल कुलूप.

एकतीसच्या एकतीस पुसली गेली. वाडीत काल कुणीच नव्हतं.

मग पेटी मांजरानं उघडली का?

पोटात कावळे ओरडत व्हते. घरी गेले. आई, म्हणजे प्रयागबाई, चुलीपुढं बसली व्हती. मी पाटावर बसले तशी म्हणली, "थांब, आधी बाळंतिणीचं."

माझी थोरली बहीण प्रतिभा आमच्याकडं बाळंतपणाला आली व्हती. अठरा दिवस झाले. मुलगी झालेली. आतल्या खोलीत कांबळ्याचा आडोसा करून तिची खाट. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा न्हाई. देवळात न्हाई, पाणवठ्यावर न्हाई, कुठंच न्हाई.

आईनं ताटलीत भात वाढला. बाळंतिणीचा भात, गुरगुट्या, वर तूप. आणि त्यात ओवा.

मी पट्टीखालची गुठळी कागदाच्या तुकड्यात बांधून कमरेला खोचली व्हती. चुलीच्या उजेडात उघडली. वाळलेलं शित नखानं फोडलं. त्यात एक बारका खरबरीत दाणा. मी तो जिभेवर ठेवला.

ओवा.

बाळंतिणीला उपास नसतो. तिला देऊळ नसतं. काल पण आईनं सकाळी तिच्यापुढं भाताचं पातेलं ठेवलं, दार लोटलं आणि आमच्याबरोबर जीपमध्ये बसली. मी वाळूत आमचं घर काढलं, आई पुसली, अण्णा पुसले, स्वतःला पुसलं, आणि घर पुसलं. खाटेवरची मी धरलीच न्हाई.

"आये, दे ती ताटली," मी म्हणलं. "मी नेते."

५

ताई बाळाला पाजत व्हती. मी ताटली खाली ठेवली आणि शित तिच्या पुढ्यात ठेवलं. काही बोलायला लागलं न्हाई. तिनं शिताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाळाला एकटं टाकून गेलीस?" मी इचारलं. इचारायचं दुसरंच व्हतं.

"छातीशी बांधून नेली. सगळीकडं कुलपं. कुत्रं पण न्हाई. पाण्यानं पट्टी भिजवली तर सुटली. परत चिकटवायला काय न्हाई, म्हणून घरी येऊन शितं नेली." ती म्हणली. "दोनदा गेले त्यात दमले."

"का पण? कोंडाआजीचा कागद हाय तो! त्यावर गाडी येणार, तायडे! मी पाऊण तास..."

"हळू बोल. आत्ता झोपंल ती."

मी ताटली खाटेजवळ सरकवली.

"तू शनिवारी मोठ्यानं वाचलास. दोनदा," ताई म्हणली. "मी ह्या कांबळ्याच्या अलीकडंच व्हते."

कागदातली ती गोष्ट ताईची व्हती. तीन वर्सांपूर्वी पावसात तिला जीपमधनं जुन्नरला नेत व्हते. चावंडच्या वळणावर पहिली मुलगी झाली आणि तिथंच गेली. मेलेलीच जन्मली, असं ताईनं सगळ्यांना सांगितलं. भाऊसाहेबांच्या रजिस्टरात पण तेच. पण जीपमध्ये कोंडाआजी व्हती, आणि आजीनं मला सांगितलं ते मी जसंच्या तसं लिव्हलं. पोरगी रडली. दोनदा रडली. चावंडच्या वळणापासनं पुलापर्यंत जिती व्हती.

"ज्ञानेश्वर गाडी शोधायला गेले व्हते," ताई म्हणली. ज्ञानेश्वर दाजी आहुप्याचे. "गाडी मिळायला तीन तास लागले त्यांना. जीप धाडली आणि ते मागनं चालत आले. ते सगळं झाल्यावर मला एकच इचारलं, रडली का? मी न्हाई म्हणलं. तीन वर्सं न्हाईच म्हणतीया. रडली म्हणले असते तर तो माणूस ते तीन तास जन्मभर मोजत बसला असता."

बाळ चोखता चोखता थांबलं. ताईनं त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं.

"गुरुवारी बारसं. आहुप्याची सगळी येणार. आज सभेत वाचलं की गुरुवारच्या आत तिकडं पोचलंच. आजीला लिव्हायचं व्हतं, ठीक हाय. पण इंदे, नाव माझं. तू मला इचारलंस का?"

इचारलं नव्हतं. आजीनं सांगितलं आणि मी लिव्हलं, कारण गोष्ट अशी व्हती की सभेत सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं असतं, आणि मग लोकांनी मागं वळून इचारलं असतं, कुणी लिव्हलंय हे? मला तेवढंच पाहिजे व्हतं. हर्षालीनं मान खाली घातलेली बघायची व्हती.

"मग गाडी?" मी म्हणलं.

"गाडी माग की. गाडी मला पण पाहिजे. मला नको त्यात घालू."

बाहेर कुणीतरी ओरडलं, खालच्या वळणावर एसटी दिसली.

६

मी पळत गेले. मॅडम पिशवी भरत व्हत्या. कोंडाआजी तशीच काठीवर.

"सापडला का चोर?" सावळेराम म्हणला.

"मीच काढला व्हता," मी म्हणलं.

सगळे बघायला लागले. मी पुढं बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. "चुका झाल्या व्हत्या म्हणून काढला. परत टाकायचा राहिला. हर्षालीनं काय केलं न्हाई. हर्षालीवर घेतलेला आळ मी मागं घेते."

"म्हणजे भात?" भाऊसाहेब म्हणले. "काल तू..."

"राती जत्रेवरनं येऊन खाल्ला मी भात. देव बघून घेईल माझं."

बायकांत कुजबुज झाली. हर्षालीची आई म्हणली, "अगं ही पोरगी हाय का कोण!" बोलू दिलं. हर्षाली मात्र बोलत नव्हती. ती माझ्याकडं एकटक बघत व्हती, मग तिनं बॅगेतला फॉर्मांचा गठ्ठा काढला, एक फॉर्म वर घेतला आणि परत खाली ढकलला. कुठला ते मला दिसलं. आमच्या घराचा. वाडीत बाळंतीण एकच, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

आता बोलते, मला वाटलं. बोललीच पाहिजे, मी असते तर बोलले असते.

"चार मिनिटं हायेत मॅडम," हर्षाली म्हणली. "कोरा कागद हाय माझ्याकडं. आजी, सांगा."

तिनं पेनाचं टोपण काढलं. आजीनं सांगायला तोंड उघडलं आणि मी आजीचा हात धरला.

"आजी, नाव कुणाचंच न्हाई. नुसते किती, ते सांग."

आजीनं माझ्याकडं बघितलं. मग बोटं वर केली. सात.

हर्षालीनं लिव्हलं. जन्म कुठं: घरी, दवाखान्यात, वाटेत. आमच्याकडं तीस वर्सांत सात पोरं वाटेत झाली. पावसाळ्यात गाडी पाहिजे. तिचं अक्षर मण्यांसारखं पडत व्हतं. पोटात नेहमीसारखं दुखलं.

"अजून एक ओळ घाल," मी म्हणलं. "नाव लिव्हायच्या आधी त्या बाईला इचारा. ती न्हाई म्हणली तर नुसता आकडा घ्या."

हर्षालीचा पेन थांबला. "हे फॉर्ममध्ये कुठंच न्हाई," ती हळू म्हणली.

"म्हणून तर घाल."

मॅडमनी उभ्या उभ्याच कागद सभेला मोठ्यानं वाचला. एसटीचा हॉर्न वाजला. कुणाच्या डोळ्यात पाणी आलं न्हाई, कुणी इचारलं न्हाई की कुणी लिव्हलंय. आजीनं तेवढी काठी खाली ठेवली. हर्षालीनं झाकणावरच्या नवव्या रेघेखाली टिंब दिलं.

"अक्षर माझं," ती जाता जाता म्हणली. "वाक्य तुझं हाय. मला सुचलं नव्हतं." आणि तोंड वाकडं केलं. मला लई बरं वाटलं.

घरी आले तर ताईचा भात तसाच गार झालेला.

"वाचलं?"

"वाचलं. नाव कुणाचं न्हाई. दुसऱ्या अक्षरात हाय."

ताईनं डोळे मिटले. बाळ झोपलं व्हतं. मी खाटेच्या कडेला बसले.

"तायडे, माझा कागद काय केलास? जाळलास?"

तिनं दुपट्याच्या घडीत हात घातला. कागद तिथंच व्हता, बाळाच्या पायाशी, चौपदरी.

"जाळणार व्हते. चुलीपाशी नेला पण," ती म्हणली. "इंदे, तिचं कुठंच काही लिव्हलेलं न्हाई. नाव न्हाई, तारीख न्हाई. रजिस्टरात पण मेलेली म्हणूनच. ती जिती व्हती असं ह्या एकाच कागदावर हाय."

तिनं कागद माझ्या हातात दिला. माझं अक्षर वाकडंतिकडं, एक ओळ खाली उतरलेली.

"मला नीट लागत न्हाई तुझं अक्षर. ते दोनदा रडली म्हणलंय ना, तेवढं वाच," ती म्हणली. "हळू वाच. मोठ्यानं न्हाई."

मी कांबळं ओढून घेतलं आणि वाचलं.